ए-लेव्हलला इतिहास घ्यावा का? (लेक ठाम, घरात दोन तट)

सईचीआई (१४ जानेवारी)

मंडळी, आमच्याकडे सध्या चौथं इंग्रज-मराठा युद्ध चालू आहे. मध्यस्थ हवेत.

आम्ही रेडिंगला असतो. लेक यंदा इयर इलेव्हनला आहे, म्हणजे मे-जूनमध्ये जीसीएसई, आपली दहावी समजा. सप्टेंबरपासून दोन वर्षं ए-लेव्हल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इथे त्या दोन वर्षांत बहुतेक मुलं फक्त तीनच विषय घेतात. इंग्रजी सक्तीचं नाही, गणित सक्तीचं नाही, पर्यावरणाची वहीसुद्धा नाही. बाईसाहेबांनी फॉर्मवर गणित, इकॉनॉमिक्स आणि हिस्टरी लिहून टाकलं. नवरा म्हणतो तिसरा विषय फर्दर मॅथ्स (म्हणजे वरच्या पातळीचं गणित) किंवा फिजिक्स घे, इतिहास काय, रिटायर झाल्यावरही वाचता येतो.

मी नाशिकची, बारावी सायन्सवाली. माझा इतिहास दहावीच्या पेपराबरोबर संपला, तोही 'टीपा लिहा (कोणत्याही दोन)' मध्ये. त्यामुळे माझं मत कोणी विचारतही नाही.

त्यात दोन कॉलेजं आहेत. पहिल्यात ट्यूडर राजे (१४८५ ते १६०३) आणि जर्मनी (१९१८ ते १९४५). दुसऱ्यात अमेरिका (१९१७ ते १९९६) आणि भारत (१९१४ ते १९४८). लेकीला दुसरं हवंय, 'तिथे गांधी आहेत' म्हणून. नवरा म्हणाला, गांधी मी घरी शिकवतो, बसचं भाडं वाचेल.

या विषयात दोन वर्षं नेमकं करतात काय? कोणी स्वतः केलाय का, किंवा मुलांनी केलाय का? आणि पुढे काय?

अवांतरवाला

पानिपत किती मार्कांना आहे?

टिळकरोड_ते_टूटिंग

मी केलाय. पंधराव्या वर्षी पुण्यातून इकडे आलो आणि ए-लेव्हलला इतिहास घेतला. गणित बरं होतं, पण इतिहासाच्या सरांचा आवाज चांगला होता, याहून मोठं कारण नव्हतं. आता सॉलिसिटर (वकील) आहे.

पहिले तीन महिने मी रडकुंडीला आलो होतो. आपल्याला सवय 'कारणे लिहा'ची. पाच मुद्दे, प्रत्येकी एक मार्क, खाली रेघ. इथे पहिलाच निबंध होता मठांवर. आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत इंग्लंडमधले सगळे मठ बंद केले. ते पैशासाठी की पोपशी फारकत घेतली म्हणून? मी दोन्ही लिहिलं, तारखांसकट, सुवाच्य अक्षरात. सरांनी खाली लिहिलं, 'हे सगळं मला माहीत आहे. तुझं म्हणणं काय?' मला वाटलं, माझं कशाला म्हणणं असेल? मी सतरा वर्षांचा आहे.

तेच शिकवतात. एक बाजू घ्यायची, आणि विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा स्वतःच मांडून त्याला उत्तर द्यायचं.

जर्मनीच्या पेपरात तीन अस्सल कागद देतात आणि विचारतात, इतिहासकाराला यांचा उपयोग किती? मी बिनधास्त लिहायचो, 'हे गोबेल्सच्या प्रचारखात्याचं पत्रक आहे, म्हणून पक्षपाती, म्हणून निरुपयोगी'. शून्याच्या आसपास मार्क. कारण नाझींना लोकांनी काय मानायला हवं होतं, हे कळायला त्या पत्रकाइतका चांगला पुरावा कुठला? खोटं बोलणारा कागदसुद्धा कशाबद्दल तरी खरं सांगत असतो. आज ऑफिसात समोरच्या पार्टीचं पत्र आलं की मी हेच करतो, फक्त पगार घेऊन.

परीक्षेचं म्हणाल तर आमच्या बोर्डाचे अडीच तासांचे दोन पेपर, प्रत्येकी ४० टक्के. एकेका पेपरात ३० मार्कांचा उताऱ्यांचा प्रश्न आणि २५-२५ चे दोन निबंध. सगळं हाताने. माझ्या मधल्या बोटावरचा घट्टा अजून आहे.

कोल्हापुरी_ठेचा

टिळकरोड, प्रतिसाद झकास. पण तुम्ही पोचलात म्हणून गोष्ट गोड वाटते. माझ्या मेहुण्याने आवडीने इतिहासात एमए केलं, नेट झाला, आणि नऊ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. दिवाळीत आला की सगळ्यांना किल्ल्यांची माहिती देतो आणि स्कूटरला पेट्रोल आम्ही भरतो. सईच्या बाबांचं अगदीच चूक नाही.

ब्रिस्टलकर

ठेचा, मेहुण्यांबद्दल वाईट वाटलं, पण इथे तुलना होत नाही. आपल्याकडे अकरावीला शाखा निवडली की रूळ बदलला. इथे शाखा ही भानगडच नाही. गणित + इकॉनॉमिक्स + इतिहास हे अगदी रुळलेलं त्रिकूट आहे. एलएसई (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) किंवा केंब्रिजला इकॉनॉमिक्सला जायचं तर गणित हवंच, आणि फर्दर मॅथ्स असलेलं बरं, एवढं मात्र बाबांच्या बाजूने. कायद्याला तर ए-लेव्हलचा कायदा लागतही नाही. इतिहासात डिग्री करून मागाहून कायद्याचा कन्व्हर्जन कोर्स करणारे ढीगभर आहेत. मेडिकल डोक्यात असेल तरच केमिस्ट्री सोडू नका.

मी इथे एका सरकारी शाळेत शिकवते (इतिहास नाही, भूगोल, म्हणजे सख्खी जाऊच). दोन गोष्टी सांगते ज्या ओपन इव्हिनिंगला कोणी सांगत नाही.

एक, कालखंड मुलं निवडत नाहीत, शाळा निवडते. नियम एवढाच की एकूण अभ्यास किमान २०० वर्षांच्या आवाक्यातला हवा आणि किमान २० टक्के ब्रिटनचा इतिहास हवा. म्हणून अमेरिका-भारतवाल्या कॉलेजातही (त्यांच्या बोर्डाचे पेपर तीन) तिसरा पेपर ब्रिटनचाच असणार. तो कोणता, ते विचारून घ्या.

दोन, उरलेले २० टक्के कोर्सवर्कचे. एनईए म्हणतात. मुलीने स्वतः प्रश्न ठरवून साडेतीन-चार हजार शब्दांचा निबंध लिहायचा. बोर्डागणिक नियम थोडे वेगळे. काहींना शंभरेक वर्षांचा पट लागतो. घरात खरा तमाशा तेव्हा होतो, फॉर्म भरताना नाही.

प्रिलिम_तीनदा

यूपीएससीवाला बोलतो. माझा ऑप्शनल इतिहास आहे, दोन पेपर, ५०० मार्क. पहिल्या पेपरात नकाशावर वीस ठिपके असतात, प्रत्येकी अडीच मार्क. ठिपका ओळखायचा आणि दोन ओळी लिहायच्या. मी दायमाबाद आणि इनामगाव झोपेतही दाखवतो. तुमच्याकडे मुलांना 'तुझं म्हणणं काय' विचारतात हे वाचून डोळे पाणावले. आमच्याकडे म्हणणं असलेला पोरगा मुलाखतीपर्यंत पोचत नाही. 😀

ताई, घेऊ द्या तिला.

दप्तरदार

नमस्कार. सातारा जिल्ह्यात एका ज्युनिअर कॉलेजात ३१ वर्षं अकरावी-बारावीला इतिहास शिकवला. आता नातवंडं सांभाळतो आणि इथे येऊन भांडणं वाचतो.

आपल्या अभ्यासक्रमाची थट्टा चालली आहे ती निम्मी रास्त आहे. पण निम्मीच. दहावीचं २०१८ चं पुस्तक उघडून पाहा. पहिला धडा इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य परंपरेचा. देकार्त, व्हॉल्टेअर, हेगेल, रांके, मार्क्स, फूको! पंधरा वर्षांच्या पोरांसमोर. हे ज्याने ठरवलं त्याला मी मनातून दंडवत घातला. मग स्वाध्याय पाहिला: 'आधुनिक इतिहासलेखनाचा जनक ______ यास म्हणता येईल.' झालं. पोरांनी व्हॉल्टेअर रिकाम्या जागेत बसवून पाठ केला. बारावीचं पुस्तकही वाईट नाही. युरोपातल्या प्रबोधनापासून वसाहतवाद, मराठे, महायुद्धं, शीतयुद्ध, थेट बदलत्या भारतापर्यंत येतं. ८० मार्कांचा पेपर, २० चा प्रकल्प. 'तुमचे मत नोंदवा' असा प्रश्नसुद्धा आहे. ते मत गाइडमध्ये छापून मिळतं ही गोष्ट वेगळी. मी एकदा एकाच वर्गातल्या त्रेचाळीस पेपरांत एकच मत तपासलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकीसकट.

सईच्या आईंना एक सुचवतो. तिला खरंच ही खाज आहे का ते घरी पाहता येईल. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयातून वाघनखं तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी आमच्या साताऱ्याच्या संग्रहालयात. मी नातवाला घेऊन गेलो होतो, रांग रस्त्यापर्यंत. त्या वाघनखांसोबत एक डबी आहे, स्कॉटलंडमध्ये बनवलेली, आणि डबीवर इंग्रजीत मजकूर. भावार्थ असा: ही शिवाजीची वाघनखं, ज्यांनी त्याने मुघल सेनापतीला मारलं, ईडनचे जेम्स ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट (कंपनीचे प्रतिनिधी) असताना त्यांना ही मराठ्यांच्या पेशव्याच्या पंतप्रधानाने दिली.

हा मजकूर मुलीपुढे ठेवा आणि काही न सांगता विचारा, काय दिसतं?

सईचीआई

दप्तरदार सर, केलं! काल जेवताना वाचून दाखवला. नवरा म्हणाला, बरोबर तर आहे. लेकीने घास तसाच ठेवला आणि म्हणाली, 'बट अफझल खान वॉज फ्रॉम बिजापूर. मुघल कसा?' मला हे सुचलं नव्हतं हे इथेच कबूल करते. मग म्हणाली, पेशवा हाच पंतप्रधान ना, त्याचा पंतप्रधान कोण? आणि मग 'हे लिहिलं कोणी? ग्रँट डफने की त्याच्या नातवाने?'

भाजी गार झाली.

दप्तरदार

तिसरा प्रश्न सगळ्यात चांगला.

प्रतापगडची भेट १६५९ ची. ग्रँट डफ साताऱ्यात होता १८१८ ते १८२२. मधे दीडशेहून अधिक वर्षं. विजापूरचा सरदार डबीवर 'मुघल' झाला तो लिहिणाऱ्याला हिंदुस्थानातले सगळे मुसलमान सुलतान सारखेच वाटत होते म्हणून की ऐकीव गोष्ट म्हणून? ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ चा, तीन खंडांचा. तो माणूस आदिलशाही आणि मुघल यांत गल्लत करणारा नव्हता. मग मजकूर त्याचा स्वतःचा असेल का? ही वाघनखं महाराजांनी वापरलेलीच आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असं ते संग्रहालय स्वतः सांगतं. म्हणजे डबी प्रतापगडाबद्दल फारसं सांगत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश घराण्याला कपाटात काय मिरवावंसं वाटत होतं, ते झकास सांगते. टिळकरोड यांनी वर गोबेल्सच्या पत्रकाबद्दल लिहिलंय तेच हे.

सह्याद्रीपुत्र

म्हणजे आता वाघनखं खोटी का? घरबसल्या इतिहासकार वाढलेत. आमच्या श्रद्धेची परीक्षा इंग्रजांच्या पोरांच्या अभ्यासक्रमावरून घेऊ नका.

अवांतरवाला

*पॉपकॉर्नचा वास येतोय*

दप्तरदार

सह्याद्रीपुत्र, खोटी आहेत असं मी म्हटलेलं नाही, संग्रहालयानेही नाही. रांगेत मीही चपला काढून उभा होतो. पण एक सांगतो. इंग्रजांचं राज्य ऐन भरात असताना, १८६७-६८ च्या सुमारास, नीलकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या पुण्यातल्या तरुणाने ग्रँट डफच्या इतिहासातल्या चुका काढून दाखवल्या. साहेबाने कुठला कागद पाहिला नाही, कुठे बखर चुकीची वाचली, असं बोट ठेवून. पुढे राजवाडे गावोगाव दप्तरं धुंडाळत फिरले, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. साहेबाच्या कागदाला 'कशावरून?' विचारणारे आपलेच होते. तो प्रश्न आपल्या कागदांनाही विचारायचा असतो, एवढंच.

संपादक मंडळ

वाघनखांसाठी स्वतंत्र धागा आहे. इथे सईच्या ए-लेव्हलपुरतं बोलू या. तीन प्रतिसाद उडवले आहेत.

कोल्हापुरी_ठेचा

त्यातला एक माझा होता. बरं, विषयावर येतो: पगार?

टिळकरोड_ते_टूटिंग

ठेचा, माझा सांगणार नाही, पण पेट्रोल स्वतः भरतो. दिवे घ्या.

गंभीरपणे: सईला वाचायचा कंटाळा असेल तर मात्र घेऊ देऊ नका. आठवड्याला चाळीस-पन्नास पानं आणि दर पंधरवड्याला एक निबंध, हा दोन वर्षांचा रतीब आहे. माझ्या वर्गातली जी मुलं गळाली ती सनावळ्यांनी नाही, वाचनाने गळाली. डॉक्युमेंटरी आवडणं आणि इतिहास आवडणं यात बराच फरक आहे.

सईचीआई

आई लॉगिन उघडं ठेवून दुकानात गेली आहे म्हणून मी लिहिते. मी सई. माझं मराठी टायपिंग स्लो आहे.

मला डॉक्युमेंटरी आवडत नाही, ते म्युझिक फार मोठं लावतात. मला हिस्टरी पाहिजे कारण आमच्या शाळेत एम्पायर एक आठवडा झालं आणि घरी आजी फोनवर वेगळं सांगते आणि बाबा तिसरं सांगतात. तिघे शुअर आहेत. मला चेक करायचं आहे.

दप्तरदार आजोबा, डबीसाठी थँक यू. बाबा आता सगळ्या डब्यांवर काय लिहिलंय ते वाचतात.

दप्तरदार

🙏 आजोबा चालेल.

प्रिलिम_तीनदा

'तिघे शुअर आहेत.' हे मी मेन्सच्या निबंधात ढापणार.

ब्रिस्टलकर

बाबांनी शस्त्रं टाकली असतील तर ऑगस्टमध्ये निकालाच्या दिवशी सकाळी कॉलेजात लवकर जा. विषयांचं वेळापत्रक ब्लॉकमध्ये असतं, दोन विषय एकाच ब्लॉकात आले की एक सोडावा लागतो. हे आत्ता लिहून ठेवा.

सईचीआई (१९ ऑक्टोबर)

धागा वर आणते, रागवू नका. ब्रिस्टलकर, तुमच्या तोंडात साखर पडली नाही, मीठ पडलं. गांधीवाल्या कॉलेजात हिस्टरी आणि इकॉनॉमिक्स एकाच ब्लॉकात निघाले. निकालाच्या दिवशी अकरा वाजता कळलं. ऑफिसातल्या बाई शांतपणे म्हणाल्या, सोशिऑलॉजीत जागा आहे. लेक लाल झाली. दुपारी दीडपर्यंत दुसऱ्या कॉलेजात होतो. म्हणजे ट्यूडर आणि जर्मनी. तीन दिवस घरात सुतक.

पहिला निबंध परवा परत आला. सातव्या हेन्रीने सरदारांना कसं काबूत ठेवलं, यावर. २५ पैकी ११. आजवर हिला कशातच इतके कमी पडलेले नाहीत. समासात तीन ठिकाणी लाल पेनाने एकच: 'सो व्हॉट?' मी धीर द्यायला गेले तर म्हणाली, नाही आई, बरोबर आहे, मी नुसती गोष्ट सांगितली. रात्री साडेअकरापर्यंत पुन्हा लिहीत बसली होती. हेन्री सरदारांकडून जामीनकतबे लिहून घ्यायचा, चुकलास तर इतका दंड असे. तेवढ्या एकाच मुद्द्यावर दोन पानं. नवऱ्याने कॉफी करून दिली. त्याच्याकडून काही कबुली आलेली नाही, पण कॉफी आली.

टिळकरोड_ते_टूटिंग

मला पहिल्याला ९ होते. सांगा तिला.

सईचीआई (२२ जून)

दप्तरदार सर आहात का? मदत हवी आहे.

एनईएचा विषय ठरवायचा आहे. ट्यूडर-जर्मनीतलं चालत नाही, वेगळं हवं, आणि हिच्या बोर्डाला शंभरेक वर्षांचा पट हवा. बाईंनी मंजूर केलेला प्रश्न असा: मराठी सत्तेचा अस्त मुख्यतः अंतर्गत कलहामुळे झाला, हे १७१९ ते १८१८ या काळाच्या संदर्भात कितपत पटतं? बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाईच्या सनदा घेऊन आला तिथपासून पेशवाई बुडेपर्यंत. नव्व्याण्णव वर्षं. गांधी हुकले, मराठे मिळाले.

दोन आधुनिक इतिहासकारांची मतं ताडून पाहायची असतात. तिने स्टुअर्ट गॉर्डन आणि रँडॉल्फ कूपर घेतलेत. कूपर म्हणे असईच्या लढाईबद्दल (१८०३, आपल्या जालना जिल्ह्यातलं असई) सांगतो की मराठ्यांच्या तोफा मागासलेल्या नव्हत्याच, कंपनीने पैशाच्या जोरावर माणसं फोडली. हे ऐकल्यापासून नवराही वाचतोय.

अडचण अस्सल कागदांची. वसईचा तह आणि वेलस्लीचा पत्रव्यवहार इंग्रजीत मिळाला. पण मग सगळे साक्षीदार एकाच बाजूचे होतात, असं तीच म्हणते. मराठी बाजूचं काय वाचावं? हिला छापील मराठी सावकाश येतं, मोडी अजिबात नाही.

दप्तरदार

आहे, आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून पडून आहे, म्हणून वेळच वेळ आहे.

सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद छापले आहेत, ४५ खंड. मोडीचं बाळबोध केलेलं आहे, मोडी लागणार नाही. सगळे बघायचे नाहीत! प्रत्येक कागदाच्या आधी इंग्रजीत थोडक्यात सार आहे, तिथून तीन-चार पत्रं निवडा. भाषा जुनी आहे, फारसी शब्द पुष्कळ. रविवारी तुमच्या सकाळी दहाला मला व्हिडिओ कॉल लावा, आम्ही दोघं एक पत्र बसून लावू. एकच. पत्र कोणी, कोणाला, कोणत्या महिन्यात लिहिलं ते तिने आधी लिहून काढावं. मजकूर मग.

कोल्हापुरी_ठेचा

मेहुण्याला सांगितलं हे. तो म्हणतो त्यालाही कॉलवर घ्या, त्याच्याकडे यातले सहा खंड आहेत. फुकट. पेट्रोलही लागत नाही.

अवांतरवाला

१७१९ ते १८१८. म्हणजे पानिपत आलंच की शेवटी. दीड वर्षापूर्वी विचारलं होतं, किती मार्कांना?

सईचीआई

ती म्हणते दोनशे शब्दांत आटपणार, शब्दमर्यादा आहे.